कांजिण्यांची तीन घड्याळं आणि साबूदाण्याच्या गोळ्या

होळीच्या आसपास आपल्या इंदुरातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो. "बाळाच्या अंगावर पाण्याचे फोड आलेत, कांजिण्याच दिसतायत, काय द्यावं?" दहा मिनिटांत उत्तरांची रांग लागते. होमिओपॅथीचं रस टॉक्स ३०, चार-चार गोळ्या तीन वेळा. मूल रडवं झालं असेल, आईला सोडत नसेल तर पल्सेटिला. धाकट्याला व्हेरिओलिनम २०० चा एक डोस देऊन टाका, म्हणजे त्याला होणारच नाही. कुणी कडुलिंबाचा पाला सांगतं, कुणी अंघोळ बंद करायला सांगतं. पुरळ उठून किती तास झाले, घरातल्या दुसऱ्या मुलाची लस झाली आहे का, घरात कुणी गरोदर आहे का, हे तीन प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. खरं तर सगळं त्यांच्यावरच अवलंबून असतं.

माझं मत आधीच सांगते. कांजिण्या होमिओपॅथीच्या गोळ्यांनी लवकर बऱ्या होतात किंवा टळतात, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. गोळ्या साखरेच्या आहेत, त्यांनी मुलाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या देऊन आपण निर्धास्त होतो त्यामुळे. कांजिण्यांत तीन घड्याळं चालू असतात: एक चोवीस तासांचं, एक तीन ते पाच दिवसांचं, एक दहा दिवसांचं. "आधी गोळ्या देऊन बघू" म्हणताना ही तिन्ही घड्याळं पुढे सरकत राहतात.

आधी गोळ्यांचा गुण का आल्यासारखा वाटतो ते बघू, कारण ज्यांना तो आला असं वाटतं ती माणसं खोटं बोलत नसतात. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. निरोगी लहान मुलाच्या कांजिण्यांचं वेळापत्रक जवळपास ठरलेलं आहे. पहिल्या दिवशी ताप आणि लाल ठिपके, काही तासांत ठिपक्यांचे पुटकुळे, मग पाण्याचे फोड. तीन-चार दिवस नवे नवे फोड येत राहतात, म्हणून एकाच वेळी अंगावर ठिपके, फोड आणि खपल्या असं तिन्ही दिसतं. फोडातलं पाणी एक-दोन दिवसांत गढूळ होतं. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत सगळ्यांवर खपली धरते. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर साधारण २५० ते ५०० फोड उठतात आणि काहीही न देता ते असेच जातात.

आता होमिओपॅथीच्या पुस्तकांतला क्रम बघा. ताप चढतोय तेव्हा ॲकोनाइट किंवा बेलाडोना. फोड आणि खाज आली की रस टॉक्स. फोड गढूळ झाले की अँटिमोनियम टार्ट किंवा मर्क सॉल. शेवटी खपल्या आणि उरलेली खाज यांसाठी सल्फर. हे औषधांचं वेळापत्रक आजाराच्याच वेळापत्रकावर बसवलेलं आहे. जो टप्पा उद्या आपोआप संपणार आहे, त्याचं औषध आज दिलं की उद्या गुण येतोच. दुसऱ्या दिवशी फोड दुप्पट झाले तरी त्याला उत्तर तयार असतं: औषध लागू पडलं, आतलं बाहेर निघतंय. नवे फोड तीन-चार दिवस येतातच, त्यामुळे हे "बाहेर निघणं" प्रत्येक मुलात दिसतं, गोळी दिलेल्या आणि न दिलेल्याही. वाढलं तरी गुण आणि ओसरलं तरी गुण, अशा हिशेबात औषध नापास होण्याची सोयच उरत नाही.

पोटेन्सीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण "३०" आणि "२००" हे आकडे ताकदीचे वाटतात. मूळ अर्काचा एक भाग आणि अल्कोहोल किंवा पाण्याचे ९९ भाग, ही झाली १ सी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत, ही २ सी. असं तीस वेळा केलं की ३० सी. मूळ पदार्थ इतका विरळ होतो की त्याचं प्रमाण एकावर साठ शून्यं इतक्या भागांत एक भाग असं राहतं. शाळेत शिकलेला ॲव्होगॅड्रोचा आकडा, म्हणजे एका मोल पदार्थातल्या रेणूंची संख्या, एकावर चोवीस शून्यांच्याही आत आहे, म्हणजे साधारण १२ सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा बाटलीत असण्याची शक्यता फार कमी. ३० सीच्या गोळीत रस टॉक्सची, म्हणजे पॉयझन आयव्ही या विषारी वेलीची, भीती बाळगायचं कारण नाही. आणि परिणामाची अपेक्षा धरायचंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळा उपलब्ध पुरावा तपासून हाच निष्कर्ष काढला, की कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही.

उलट काळजी करायची ती खालच्या पोटेन्सीची. ३ एक्स म्हणजे हजारात एक भाग, तिथे पदार्थ खरोखर असतो. मर्क सॉल हे पाऱ्याचं आणि अँटिमोनियम टार्ट हे अँटिमनीचं संयुग. अशी ३ एक्सची पावडर चार वर्षांच्या मुलाला दिवसातून चार वेळा देणं हे निरुपद्रवी नाही. द्रव डायल्यूशनमध्ये अल्कोहोल भरपूर असतं, ते थेंब थेट जिभेवर टाकू नका. तोंडात फोड असतील तर मूल किंचाळतं आणि मग दिवसभर पाणीही पीत नाही. कॅलेंड्युलाचा मदर टिंक्चर, म्हणजे विरळ न केलेला मूळ अर्क, कापसाने फुटलेल्या फोडावर लावायची पद्धत आहे, तीही अल्कोहोलमुळेच टाळा.

आता व्हेरिओलिनम. सगळ्यात जास्त नुकसान याच एका डोसाने होतं असं मला ठामपणे वाटतं. हा नोसोड, म्हणजे आजाराच्याच स्रावापासून केलेलं होमिओपॅथीचं औषध, देवीच्या फोडातल्या स्रावापासून बनवला जातो. देवी म्हणजे स्मॉलपॉक्स. तो विषाणू पॉक्स कुळातला, आणि कांजिण्यांचा व्हेरिसेला झोस्टर हर्पिस कुळातला. दोघांचा संबंध नाही. गोंधळ नावांत आहे. लॅटिनमध्ये व्हेरिओला आणि व्हेरिसेला, हिंदीत बडी माता आणि छोटी माता. मराठीत आपल्याकडे देवी आणि कांजिण्या हे शब्द स्वच्छ वेगळे आहेत, पण इंदुरात राहून आपणही "माता निकली" म्हणायला लागलो आणि दोन आजार एका शब्दात गेले. खऱ्या देवीच्या लशीनेसुद्धा कांजिण्या टळत नाहीत. मग तिच्या फोडाचं २०० वेळा विरळ केलेलं पाणी कसं टाळणार?

कांजिण्यांपासूनच बनवलेला नोसोड घेतला तर? इथे एक चाचणी सांगते. २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी १५० विद्यार्थ्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना खऱ्या लशी, काहींना होमिओपॅथिक "लशी", काहींना नुसत्या साखरेच्या गोळ्या. आजार घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गालगुंड आणि गोवर. होमिओपॅथिक गटात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) वाढली नाहीत, साखरेच्या गोळ्यांइतकंच. होमिओपॅथीचा जनक हानेमान याचं नाव घेऊन लशीला विरोध करणाऱ्यांनी ऑर्गेनॉन या त्याच्या ग्रंथातली टीपही वाचावी. जेनरच्या गोस्तन देवीच्या लशीचा प्रसार झाल्यापासून देवीची साथ पूर्वीसारखी भयंकर राहिली नाही, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

तरी व्हेरिओलिनमचा गुण आल्याचं का दिसतं? धाकट्याची लस झालेली असते, किंवा त्याला आधी कधी हलक्या कांजिण्या होऊन गेलेल्या असतात, म्हणून तो वाचतो आणि श्रेय गोळीला जातं. ज्याला काहीच संरक्षण नाही, त्याला घरातल्या रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. फोड यायला १० ते २१ दिवस लागतात, तोवर गोळी दिल्याचं विसरायलाही होतं. आणि घरातल्या दुसऱ्या मुलाला आजार बहुधा पहिल्यापेक्षा जास्त जोरात होतो, कारण एकाच खोलीत दिवसरात्र राहून विषाणूचा मारा जास्त बसतो. "आता याला हलकंच होईल" हा दिलासा नेमका उलटा आहे.

इथेच मधलं घड्याळ येतं. मोठ्याला पुरळ दिसलं त्या दिवसापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत, एक वर्षावरच्या, लस न झालेल्या धाकट्याला कांजिण्यांची लस दिली तर आजार टळू शकतो किंवा खूप सौम्य होतो. या वेळी त्याला लागण झालीच नसेल तरी डोस वाया जात नाही, पुढच्यासाठी उपयोगी पडतो. लस म्हणजे ओका जातीचा दुर्बळ केलेला जिवंत विषाणू, जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केलेला. दोन डोस लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या वेळापत्रकात पहिला १५ महिन्यांच्या सुमारास आणि दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. १३ वर्षांपुढच्यांना दोन डोसांत चार ते आठ आठवड्यांचं अंतर. ही लस सरकारी मोफत कार्यक्रमात नाही. आंगणवाडीत सगळं झालंय म्हणून कांजिण्यांचीही झाली असेल असं धरून चालू नका, कार्ड काढून बघा. गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला ही लस देत नाहीत. आणि कृपा करून दुकानातून स्वतः विकत घेऊन, पिशवीत टाकून, भर एप्रिलच्या उन्हात स्कूटरवरून दवाखान्यात नेऊ नका. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी. ज्यांच्याकडे टोचायची त्यांच्याच फ्रिजमधली घ्या.

पहिलं घड्याळ चोवीस तासांचं. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध पहिला फोड दिसल्यापासून चोवीस तासांत सुरू झालं तर ताप साधारण एक दिवस आधी उतरतो आणि फोड कमी येतात. उशिरा दिलं तर निरोगी माणसाला फारसा उपयोग नाही. ते सगळ्यांना लागत नाही. बारा वर्षांखालच्या धडधाकट मुलाला सहसा नाहीच. पण बारा वर्षांपुढचे, घरातला दुसरा रुग्ण, दमा किंवा एक्झिमा असलेलं मूल, स्टिरॉइड चालू असलेलं कुणीही, आणि प्रत्येक मोठा माणूस, यांनी त्याच दिवशी डॉक्टरला विचारायला हवं. मुलांचा डोस वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. १६ किलोच्या मुलाला एका वेळी ३२० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत ४०० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ४ मिली. मोठ्यांना ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. हे आकडे चिठ्ठीवरचा डोस ताडून बघायला दिलेत, स्वतः दुकानातून आणायला नाहीत. या औषधाबरोबर पाणी भरपूर प्यायला हवं, नाहीतर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साठतात. चाळिशीतल्या बाबांना कांजिण्या होतात तेव्हा फुप्फुसात न्यूमोनिया होण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि नेमके तेच "दोन दिवस गोळ्या घेऊन बघतो" म्हणतात.

तिसरं घड्याळ दहा दिवसांचं, आणि ते घरातल्या गरोदर बाईचं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये डोहाळजेवणं असतात, मुंजी असतात, पुण्याहून माणसं येतात, लेक माहेरी आलेली असते. फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असतं, म्हणजे कार्यक्रमात भाचरू मांडीवर बसलं तेव्हा कुणालाच काही माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी फोड आले की पहिला फोन त्या लेकीला करा. लहानपणी कांजिण्या झाल्याचं किंवा दोन लशी झाल्याचं नक्की सांगता येत नसेल तर तिने लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडून व्हेरिसेला आयजीजी ही रक्ततपासणी करून घ्यावी. संरक्षण नसेल तर संपर्कापासून दहा दिवसांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, देता येतं. पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर गर्भाला व्यंग येण्याचा धोका दोन टक्क्यांच्या आत असला तरी आहे. बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात आईला पुरळ उठलं तर नवजात बाळाला जिवाचा धोका असतो, त्याला तेच इंजेक्शन तातडीने द्यावं लागतं. इथे कोणत्याही गोळीचा प्रयोग नको.

आजीच्या नागिणीचाही इथेच उल्लेख करते. नागीण हा तोच विषाणू, लहानपणच्या कांजिण्यांनंतर मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहिलेला. तिच्या फोडांतल्या पाण्याने लस न झालेल्या नातवाला कांजिण्या होतात. फोड कपड्याने झाकून ठेवा, आणि आजींसाठी औषधाची मुदत फोड उठल्यापासून ७२ तासांची.

आता घरची शुश्रूषा, जिचं खरोखर मोल आहे. तापाला पॅरासिटामॉल, किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. १६ किलोला २४० मिलिग्रॅम. चूक होते ती बाटलीत: ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर १० मिली, आणि ५ मिलीत २५० चं असेल तर ५ मिलीलाही किंचित कमी. जुनी बाटली संपून नवी आणली की लेबल पुन्हा वाचा. आयब्युप्रोफेन टाळा, कांजिण्यांत त्याचा संबंध त्वचेच्या खोल जिवाणू संसर्गाशी जोडला गेला आहे. ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. तोंडाच्या फोडांवर लावायच्या अनेक जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं, ते ॲस्पिरिनचंच भावंड. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा.

अंघोळ रोज घाला. कोमट पाणी, दहा मिनिटं, न घासता, आणि टॉवेल फक्त टेकवून टिपायचा. कडुलिंबाचा पाला उकळून गाळलेलं पाणी चालेल, पण डहाळी अंगावर फिरवू नका. पानांच्या करवती कडांनी फोड फुटतात. अंघोळीने "माता आत जाते" ही भीती आणि होमिओपॅथीतली "पुरळ दाबलं जातं" ही भीती सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींमुळे मूल सात दिवस घामट, मळलेल्या अंगाने राहतं आणि फोडांत जिवाणू शिरतात. नखं कापा, रात्री हातात सुती मोजे घाला. कॅलामाइन फोडांवर हलक्या हाताने. हळद, राख, टाल्कम पावडर फुटलेल्या फोडावर नको. घरात पडलेली "खाजेची क्रीम" तर मुळीच नको, त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, फोड असलेल्या मुलाला नेऊ नका, रंगाने फोड चिघळतात आणि गर्दीत आजार वाटला जातो.

शीतला सप्तमीला थंड जेवण करायची आपल्या माळव्यातली रीत मला प्रिय आहे. माता आलेल्या घराच्या दाराला कडुलिंब बांधून बाहेरच्यांनी आत न जाणं, हे तर उत्तम विलगीकरण होतं. फक्त आजारी मुलाला आदल्या दिवशीचं अन्न नको. ताजा मऊ भात, दही, वरणाचं पाणी, नारळपाणी द्या. तोंड आलेलं असतं म्हणून आंबट-तिखट टाळायचं, एरवी पथ्य काही नाही.

हे सगळं कांजिण्यांचं. पुरळ केसांच्या कडेपासून, कानामागून सुरू होऊन खाली उतरतंय, त्याआधी तीन-चार दिवस कडक ताप, खोकला, नाक गळणं, लाल डोळे आहेत आणि फोडांत पाणी नाही, तर तो गोवर असू शकतो, म्हणजे हिंदीतला खसरा. तिथे मूल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. गोवरात व्हिटॅमिन एचे दोन मोठे डोस लागोपाठ दोन दिवस देतात, एक वर्षावरच्या मुलाला दर वेळी दोन लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला एक लाख. त्याने मृत्यूचा धोका कमी होतो. गोवराची लस सरकारी केंद्रात मोफत आहे. गोवरावर पल्सेटिला देत घरी बसणं ही चूक महागात पडते.

ताप चार दिवसांपुढे राहिला किंवा उतरून पुन्हा चढला, एखाद्या फोडाभोवती कातडी लाल, गरम, ताणलेली आणि फार दुखरी झाली, फोडांत रक्त दिसलं, तर थांबू नका. एक ते पाच वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, चालताना झोकांड्या जात असतील, सारखी उलटी होत असेल, मान ताठ असेल, मूल हाक मारल्यावर नीट जागं होत नसेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. इंदूरचं एमवाय हॉस्पिटल किंवा जवळचं कोणतंही बालरुग्णालय चालेल, पण गेल्या गेल्या दारातच "कांजिण्या आहेत" सांगा, म्हणजे बाकीच्या मुलांपासून वेगळं बसवतील.

शाळेत परत कधी? शेवटच्या फोडावर खपली धरल्यावर, साधारण पाच ते सात दिवसांनी. खपल्या गळून पडेपर्यंत थांबायची गरज नाही. लस झालेल्या मुलाला कधी पन्नासच्या आत नुसतेच ठिपके येतात आणि खपली धरतच नाही, तिथे सलग चोवीस तासांत नवा ठिपका आला नाही की पुरे. धाकट्याची लस झाली नसेल तर कॅलेंडरवर मोठ्याच्या पहिल्या फोडापासूनचा आठवा ते एकविसावा दिवस पेन्सिलीने खुणा करून ठेवा, आणि त्या दिवसांत डोहाळजेवणाचं आमंत्रण असेल तर एकानं धाकट्याला घेऊन घरी थांबा.